पोटाचं माप

ट्रायलच्या खोलीत त्या दुपारी पाच माणसं होती, तीन आरसे, एक स्टूल, टाचण्यांची एक उशी आणि एक कोट. पाचही जण कोटाकडेच बघत होते. गडद राखाडी लोकर, उजेडात नेली तरच दिसेल अशी बारीक निळी रेघ, आत काळपट अस्तर, आणि खांदे असे बसलेले की नुसता हँगरला टांगला तरी आत कुणीतरी आहे असं वाटावं. बटणं तीन. त्यांतलं मधलं लागत नव्हतं.

म्हणजे अगदीच लागत नव्हतं असं नाही. व्याह्यांनी श्वास रोखला की लागायचं. श्वास सोडला की बटणापासून चारी बाजूंना सुरकुत्या फाकायच्या आणि धागा तट्ट ताणला जायचा.

"लागलं की!" व्याही कोंडलेल्या आवाजात म्हणाले.

"बाबा, श्वास सोडा," वहिनी म्हणाली.

"सोडला तर बटण तुझ्या डोळ्यात जाईल."

"उद्या भाषण आहे तुमचं. ते काय श्वास धरून करणार?"

"छोटं करीन."

कुणी फारसं हसलं नाही. अण्णा गुडघ्यावर बसून सुरकुत्यांकडे बघत होते. हातात खडू होता, पण त्यांनी तो कापडाला लावला नव्हता. धाकटीनं, अण्णांच्या मुलीनं, हे बघितलं. ट्रायलला अण्णांचा खडू थांबलेला तिनं कधी पाहिला नव्हता. कोट अंगावर चढला की त्यांचा हात सुटायचा: इथे पाव इंच आत, तिथे बाही थोडी पुढे, बोलता बोलता रेघा उमटायच्या. आज ते नुसते बघत होते.

दादा दाराला टेकून उभा होता. त्यानं धाकटीकडे पाहिलं आणि भुवया किंचित उंचावल्या. तिनं नजर आरशाकडे वळवली, तर तिथेही तोच. तीन आरशांत तीन दादा, तिन्हींच्या भुवया वर.

या एका बटणावर काय काय टांगलेलं होतं हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं. बाकी चौघांना होतं. दुकानाचा पुढचा अर्धा भाग तयार कपड्यांच्या एका कंपनीला द्यायचा, असं दादाच्या मनात वर्षभर घोळत होतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन भिंती बघून गेला होता. त्यांचे स्टँड जिथे लागणार होते तिथे अण्णांचं कापायचं टेबल होतं. अण्णा ऐकेनात आणि दादा सोडेना. शेवटी जेवणाच्या टेबलावर दादानं पैज लावावी तसं म्हटलं होतं, "माझ्या सासऱ्यांचा सूट करताय ना? नवं माप, नवा माणूस. तो नीट बसला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही बसला तर टेबल काढायचं." आणि अण्णा ताटातून मान वर करून म्हणाले होते, "बस्स? एवढंच?"

हे इतकं साधं राहिलं असतं, जर धाकटीनं तोंड उघडलं नसतं.

व्याही वहिनीचे वडील. सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली. कपडा म्हणजे दलानं दिलेला गणवेश, आणि घरी मुलींनी आणलेलं काहीतरी. उद्या सकाळी प्रशिक्षण शाळेच्या नव्या तुकडीसमोर ते प्रमुख पाहुणे म्हणून उभे राहणार होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं कापड अंगावर घालणार होते. कापड निवडायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. अण्णांनी चार तागे उलगडले आणि म्हणाले, "किंमत विचारू नका. हात लावा." व्याह्यांनी एकेक कापड मुठीत घट्ट चुरगळलं, सोडलं, आणि सुरकुत्या कशा उलगडतात ते वाकून बघत बसले. मग चारही तागे दारापाशी उजेडात नेले. "धुरात जन्म गेलाय माझा," ते म्हणाले, "राखाडीतला फरक मला सांगू नका." आणि त्यांनी उचललं ते अण्णांच्याही मनातलंच निघालं. दोघे व्याही त्या दिवशी लहान मुलांसारखे खूश होते.

मग माप. या दुकानात माप दोघांनी घ्यायचं असतं. टेप एकाच्या हातात, कागद दुसऱ्याच्या. अण्णा आकडा बोलायचे, त्यांचे भाऊ, म्हणजे काका, लिहायचे, आणि अण्णा कापायला उभे राहिले की फक्त कागद बघायचे. बोललेला आकडा ते डोक्यात ठेवत नसत. पण काका उन्हाळ्यात भांडून गेले. 'थोडी जागा द्यायला काय हरकत आहे,' एवढंच ते म्हणाले होते. 'मग तूच जा तिकडे,' असं अण्णा म्हणाले, आणि काका खरंच गेले, एका मोठ्या शोरूममध्ये दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायला. तेव्हापासून कागद धाकटीकडे आला. सकाळी ती वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची, दुपारनंतर दुकानात. गिऱ्हाइकं जुनीच होती, त्यांचे कागदी नमुने भिंतीवर टांगलेले, त्यामुळे लिहायचं फारसं नसायचंच. अंगानं भरलेलं नवं माणूस म्हणाल तर व्याहीच पहिले.

"पोट," अण्णा म्हणाले होते, "बेचाळीस."

धाकटीला टेप दिसत होती. टेपेचं टोक चव्वेचाळीसवर होतं. आपण तिरक्या बसलोय म्हणून तसं दिसत असेल, असं तिला आधी वाटलं. काट्यावरचा आकडा बाजूनं वाचला की हमखास चुकतो, हे ती रोज दुसऱ्यांना सांगायची. म्हणून ती सरकून अगदी समोर आली. चव्वेचाळीसच.

"अण्णा, पोट नक्की बेचाळीस ना?" तिनं हळूच विचारलं.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी म्हटलं ते लिही. बाकीचं तुला कळायला नको का?"

तिनं बेचाळीस लिहिलं. व्याह्यांसमोर अण्णांना खोटं पाडणं तिच्यानं झालं नाही. पण मनातली भीती कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, आणि जिन्यात दादा भेटला.

"अण्णांना टेप दिसत नाहीये बहुतेक," ती म्हणाली होती.

दादाचा चेहरा खरंच पडला होता. नंतर त्याच चेहऱ्यावर हिशेब आला, तोही तिनं पाहिला.

मध्ये कच्च्या टाक्यांची ट्रायल असते, तेव्हा हे उघडं पडलं असतं. पण व्याही खोकल्यानं आठवडाभर अंथरुणात होते. कोट तसाच पुढे गेला. आणि आता हे बटण.

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि मोबाइल घेऊन आत गेली. चहाला मोबाइल कशाला लागतो, हे धाकटीच्या मनात येऊन गेलं.

दादानं तिला खुणेनं बाहेर बोलावलं. टेबलाशी उभा राहून तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू सांगतेस की मी सांगू?"

"आज नको. त्यांच्यासमोर नको."

"फूटपट्टी," दादा तिला चिडवायच्या नेहमीच्या नावानं म्हणाला, "उद्या ते तीनशे पोरांसमोर फुटणारं बटण घेऊन उभे राहणार आहेत. माझे सासरे. मी आज नाही बोललो तर कधी?"

"तुला कोटाची काळजी आहे की टेबलाची?"

"मला बापाची काळजी आहे," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "टेबलाचीही आहे. दोन्ही असू शकतं ना? डोळे गेले असतील तर कात्री चालवू द्यायची? उद्या हात कापून घेतला म्हणजे?"

तिलाही रोज तीच भीती वाटत होती. अण्णांची कात्री वीतभर लांब पात्यांची होती, आणि ती चालताना ते कधी खाली बघतात, कधी गप्पा मारतात.

आत अण्णा स्वतःशीच बोलत होते. "असं कसं होईल? मी कापलंय ना. मापानं कापलंय."

"माझंच चुकलं असेल," व्याही म्हणाले. "आठवडाभर पडून खाल्लं. मुलगी दर तासाला काहीतरी आणून द्यायची."

"पडून खाल्लं तरी एवढं नाही सुटत कुणी."

दादा आत गेला. धाकटी त्याच्या मागे धावली, पण तो बोलून मोकळा झाला होता.

"अण्णा, तुम्हाला टेप नीट दिसत नाही. त्या दिवशी पोट चव्वेचाळीस होतं, तुम्ही बेचाळीस म्हणालात. हिनं स्वतः पाहिलंय."

अण्णा गुडघ्यावरच होते. त्यांनी दादाकडे पाहिलंच नाही. सरळ धाकटीकडे पाहिलं.

"तू पाहिलंस?"

"हो."

"चव्वेचाळीस?"

"हो, अण्णा."

"आणि लिहिलंस किती?"

"तुम्ही म्हणालात ते. बेचाळीस."

अण्णांनी खडू खिशात ठेवला. उठायला त्यांनी स्टुलाचा आधार घेतला, आणि तेवढ्यानं ते एकदम म्हातारे दिसले. धाकटीला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कोटाची बाही हातानं सारखी करत राहिले, जिथे सारखं करण्यासारखं काही नव्हतं.

"मी कोट काढू का?" व्याह्यांनी विचारलं. इतक्या आगी विझवलेला माणूस, पण त्या खोलीतून पळ कसा काढावा हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि काका आत आले. गळ्यात शोरूमचा बिल्ला तसाच, दंडाला टाचण्या टोचायची गादी. मागे वहिनी, चहाचा ट्रे घेऊन, कुणाकडेही न बघता.

"कुणी बोलावलं याला?" अण्णा म्हणाले.

"मी," वहिनी म्हणाली. "कोट माझ्या बाबांचा आहे. सकाळपर्यंत सोडवून पुन्हा शिवणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. तुमची भांडणं परवा करा."

दादाचा चेहरा उजळला. काका म्हणजे त्याच्या बाजूचं माणूस, जागा द्यावी म्हणणारं. "बरं झालं आलात, काका. तुम्हीच सांगा यांना. टेपेवर चव्वेचाळीस दिसतंय आणि हे बेचाळीस म्हणतात. आता डोळे..."

"थांब," काका म्हणाले. "पोटाला बेचाळीस म्हणाला?"

"हो."

"लिहिलं कुणी?"

"मी," धाकटी म्हणाली.

"दोन घातले नाहीस?"

"कसले दोन?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे. मग ते खाली स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"अण्णा," ते म्हणाले, "तू हिला सांगितलं नाहीस?"

"मी काय सांगायचं? कागद तुझ्याकडे असायचा. कागदाचं तू शिकवायचंस."

"मी कधी शिकवणार? तू मला हाकलून दिलंस!"

"मी हाकललं नाही. तू गेलास."

"कसले दोन?" धाकटीनं पुन्हा विचारलं. तिचा आवाज तिलाच चिरका वाटला.

काकांनी व्याह्यांकडे बघितलं आणि जरा चाचरले. "आता यांच्यासमोर कसं बोलायचं? ज्यांच्यासाठी लपवायचं तेच उभे आहेत."

"बोला हो," व्याही म्हणाले. "मी तसाही या कोटात अडकलोय, जाणार कुठे?"

"पोटाचं माप मोठ्यानं बोलायचं नाही," काका म्हणाले. "पोट सुटलेला माणूस मापाला उभा राहिला की आधीच अंग चोरून असतो. सोबत बायको असते, मित्र असतात. आपण खणखणीत चव्वेचाळीस म्हटलं की तो सूट घेऊन जातो, पण परत येत नाही. म्हणून अण्णा दोन कमी बोलायचा. मी दोन वाढवून लिहायचो. फक्त पोटाला. छातीला नाही, खांद्याला नाही, कशालाच नाही."

"आणि हे तुम्ही ठरवलं कधी?" दादानं विचारलं.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले.

"ठरवलं नाही," अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा मी कमी बोललो तेव्हा यानं टेप पाहिली आणि बरोबर लिहिलं. कोट बसला. मग तसंच चालू राहिलं."

"कधी बोललोच नाही त्यावर," काका म्हणाले. "आज पहिल्यांदा बोलतोय."

धाकटीला आठवलं: 'बाकीचं तुला कळायला नको का?' ते रागावले नव्हते. ते खरंच विचारत होते. तिनं तोंड फिरवून आरशाकडे केलं, तर तिथे तीन धाकट्या, तिघींचे डोळे भरलेले.

"म्हणजे डोळे ठीक आहेत," दादा हळूच म्हणाला.

"डोळ्यांना काय धाड भरलीये माझ्या?" अण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "काय रे, काढतोस ना टेबल? काढ. आधी त्याखालचे तागे हलव, कंबर मोडेल तुझी."

"म्हणजे," व्याही मधेच म्हणाले, "माझं पोट चव्वेचाळीस आहे तर."

अण्णा हातातली टेप उगाचच उलगडू लागले.

"आमच्याकडे आग कमी सांगितली की माणसं कमी यायची," व्याही म्हणाले. "इथे पोट कमी सांगितलं की कापड कमी येतं. मोजा पुन्हा. मोठ्यानं बोला. मुलगी आहे, जावई आहे, सगळ्यांना ऐकू द्या."

"बाबा, माहीतच आहे आम्हाला," वहिनी म्हणाली.

"तुला माहीत आहे गं. मला माहीत नाही."

अण्णांनी टेप धाकटीकडे दिली. "तू घे. तुझं समाधान होऊ दे." कोट काढून काकांनी उलटा केला आणि ते शिवणी चाचपू लागले. धाकटीनं टेप व्याह्यांच्या पोटाभोवती घेतली, आडवी आहे ना ते मागे जाऊन बघितलं, पुढे आली.

"साडेचव्वेचाळीस," ती म्हणाली.

"हे वरचं अर्धं कुठून आलं?" दादा म्हणाला.

"ते अंथरुणातलं," व्याही म्हणाले. "दर तासाला खाणं. तिला विचारा."

"माझ्यावर ढकला," वहिनी म्हणाली, आणि या वेळी सगळे हसले. अण्णा तर डोळे पुसेपर्यंत हसले. धाकटीही हसली, पण अर्धा इंच तिच्या मनातून गेला नाही. त्या दिवशी तिनं टेपेचं टोक बघितलं होतं तेव्हा ते नेमकं चव्वेचाळीसवर होतं की अर्धा इंच पुढे, हे ती आठवायचा प्रयत्न करत होती. आठवत नव्हतं. तिचं सगळं लक्ष तेव्हा दोनाच्या फरकाकडे होतं.

"माया भरपूर ठेवलीये," काका अस्तराखालच्या शिवणीत दुमडलेलं जादा कापड बोटांनी उघडत म्हणाले. "पाठीत एक, दोन्ही बाजूंना एकेक. अडीच इंच सहज निघतील. इस्त्री तापवा कुणीतरी."

"माया मीच ठेवतो," अण्णा म्हणाले.

"हो, हो, तूच ठेवतोस. गप्प बस आणि कात्री दे."

मग बराच वेळ दुकानात टाके उसवल्याचा बारीक आवाज, मशीनची धडधड आणि इस्त्रीची वाफ. दोघे भाऊ एका टेबलाशी उभे होते आणि एकमेकांच्या हातातल्या वस्तू न मागता घेत होते. वहिनीनं चहा दोनदा गरम केला. दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोटं वाजवत बसला होता. धाकटी त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"सॉरी," तो म्हणाला.

"मला कशाला? मीच तुला सांगितलं होतं."

"तू घाबरून सांगितलंस. मी ते वापरलं." त्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "राहू दे हे. कंपनीला मी कळवतो."

"नक्की?"

"शब्द दिलाय ना. बसला तर विषय काढणार नाही म्हणालो होतो."

"अजून बसलेला नाही."

"फूटपट्टी, तुझा ना..." दादा म्हणाला आणि हसला.

कोट बसला. संध्याकाळचा उजेड दारातून येत होता, व्याही त्यात उभे राहिले, मधलं बटण लावलं, आणि श्वास सोडला. मग भाषणाची पहिली दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली. सुरकुती आली नाही. काकांनी पाठ बघितली, अण्णांनी कॉलर. व्याही आरशात स्वतःकडे बघत राहिले, उजवीकडून, डावीकडून.

"बाबा, साहेब दिसताय," वहिनी म्हणाली.

"साहेब होतोच. आता माणूस दिसतोय." मग त्यांची नजर आरशातूनच दादाच्या शर्टावर गेली. "जावईबापू, तुमचे खांदे का असे ओघळलेत?"

"तयार घेतलाय, बाबा."

"बापाच्या हातचा कोट कधी घातलाय?"

दादा शर्टाची कॉलर सारखी करू लागला.

"कॉलेजला असताना एक शिवला होता," अण्णा म्हणाले. "यानं मित्राला देऊन टाकला."

"मग घ्या आता माप," व्याही म्हणाले. "मी कापड देतो. ती निळी रेघच घ्या, दोघे जोडीनं हिंडू."

दादानं आढेवेढे घेतले, पण वहिनीनं त्याला ढकलून आरशांसमोर उभं केलं. अण्णांचा चेहरा इतका खुलला की धाकटीला बघवेना. तिनं कागद घेतला आणि जवळ, अगदी समोर बसली. काका चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभे राहिले.

"हात खाली. छाती फुगवू नकोस," अण्णा म्हणाले. "नेहमीसारखा उभा राहा."

"नेहमी असाच उभा राहतो."

"नेहमी खोटा उभा राहतोस. सोड."

दादानं श्वास सोडला. अण्णांनी टेप पाठीवरून घेतली, दोन बोटं आत घालून पुढे आणली आणि वाकून पाहिलं. मग जरा मागे होऊन पुन्हा पाहिलं.

"छाती," ते म्हणाले, "अडतीस."

धाकटीनं डोळा टेपेच्या सरळ रेषेत आणला. टोक अडतीसवर नव्हतं. तिच्या मागे काकांनी कप बशीत ठेवला. तो जरा जोरात वाजला.

"लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

"लिहिलं," ती म्हणाली.

कागदावर साडेअडतीस होतं.